कालव्यावरच्या हाका

“आई, तू मला मागं ओढतेयस.”

“ओढत नाही. बोलू नकोस, दम जातो.”

“मी बोलायचंच नाहीये. तू बोलायचंय. आत्ताचा खड्डा सांगितला नाहीस.”

खड्डा खरंच राहिला होता सांगायचा. माझा उजवा गुडघा असा काही ठणकत होता, की रस्ता बघायचा सोडून मी दात आवळून पळत होते. तुषारचा पाय त्या खड्ड्यात गेला, तो झोकांडला आणि सावरला. आमच्या दोघांच्या मनगटांत अडकवलेली दोरी ताणली गेली आणि मी, त्याची वाटाडी म्हणवणारी, भुईवर बसले.

शिंगटे सर मागून स्कूटरवर येत होते. त्यांनी गाडी लावली आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. जन्मभर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेला माणूस. गोड बोलणं त्यांच्या गावीही नव्हतं.

“वहिनी, आता बास. तुमी त्याला पळवत न्हाई, तो तुमाला पळवतोय.”

“दोन दिवस शेक घेते. होईल बरा.”

“दोन दिवसांनी तुमी तरण्या होणार हाय का? पोरगं वाढलं, पाय वाढला. वाटाड्या पळणाऱ्यापेक्षा जोरात पाहिजे. तरच त्याला रस्ता बघायला सवड मिळती. पुण्याच्या चाचणीला तुमच्याबरोबर गेला तर निम्म्यातच संपंल.”

मला त्यांचा असा राग आला! राग येण्याचं कारण एवढंच, की ते खरं बोलत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कराडच्या बाजूला, कालव्याच्या काठानं जो कच्चा रस्ता जातो, त्यावर पहाटे आमचा गट पळायचा. त्यात भरतीची तयारी करणारी पोरं होती, पोट कमी करायला आलेले एकदोन दुकानदार होते आणि तुषारसारखी, डोळ्यांनी न दिसणारी, तीन-चार मुलं होती. त्या मुलांबरोबर दोरी धरून पळायला कुणाचा भाऊ, कुणाचा मित्र. आई मी एकटीच. पहिल्या दिवशी सरांकडची दोरी तुटली, तेव्हा मी आडोशाला जाऊन परकराची नाडी काढली, परकर कमरेला गाठ मारून बसवला आणि पदर खोचून पळाले. गटात त्यावरून माझी पुष्कळ चेष्टा झाली. पुढे ट्रॅक पँट आली, बूट आले, पण दोरी म्हणून ती नाडीच राहिली. तुषारला दुसरी चालायचीच नाही.

तुषारचे डोळे एकदम गेले नाहीत. आधी रात्र गेली. संध्याकाळ झाली की तो भिंती चाचपायचा. मग कडेचं दिसेना झालं, समोरचं तेवढं दिसायचं. दहावीच्या वर्षी तेही गेलं. त्यानंतर दोन वर्षं पोरगा घरात बसला. बसला म्हणजे बसलाच. जेवायला हाक मारली तर येईल, नाहीतर नाही. आमचे हे साखर कारखान्यात. सीझन लागला की पाळ्या सुरू, घरी असले तरी झोपलेले. मी घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी चालवायचे. गिरणीच्या आवाजात रडलेलं कुणाला ऐकू जात नाही, हा तिचा एक उपयोग. अशात शिंगटे सर दळण घेऊन आले, आत बसलेला मुलगा त्यांना दिसला आणि त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. सरळ आत गेले नि म्हणाले, “उद्या पाचला तयार राहा रे.”

पळायला लागल्यावर तो जेवायला लागला, भांडायला लागला. मुलगा परत आला माझा. म्हणून पुण्याची ती राज्याची निवड चाचणी आमच्या घरात लग्नकार्यासारखी झाली होती. निवड झाली तर बालेवाडीला राहून सराव, पुढे कुठंतरी स्पर्धा. नाही झाली तर तो परत त्या खोलीत जाऊन बसेल, ही धास्ती मला होती. वाटाड्या नसेल तर चाचणीच नव्हती.

त्या दिवशी मी घरी लंगडत आले आणि गिरणीच्या पायरीवर बसले. तेव्हा धाकटी रेणुका म्हणाली, “मी पळू दादाबरोबर?”

रेणू नववीत होती. शाळेच्या शर्यतीत पहिली येणारी, तालुक्याला नंबर काढलेली, सडपातळ पायांची. हे आधीच माझ्या लक्षात कसं आलं नाही, म्हणून मी तिला जवळ घेतली. तुषार आत होता. तो बाहेर आला, दाराला हात लावून उभा राहिला.

“पहाटे?” त्यानं विचारलं.

“मग काय दुपारी? पहाटेच,” मी म्हणाले.

त्यानं दाराची कडी चाचपली, दोनदा वाजवली. मग म्हणाला, “चालेल. पण मी शिकवीन तिला. तू मधे पडायचं नाहीस.”

मला वाटलं, थोरलेपणाचा तोरा.

गटाचे नियम थोडे होते, पण सर त्यात सूट देत नसत. वाटाड्यानं नेहमी पाण्याच्या बाजूला पळायचं. दोरी ओढायची नाही, ती नुसती असली पाहिजे. वाटाड्यानं रस्ता मोठ्यानं सांगायचा आणि पळणाऱ्यानं तो तसाच परत म्हणायचा. “खड्डा, उजवीकडे,” की लगेच दुसरा आवाज, “खड्डा, उजवीकडे.” म्हणजे ऐकलं हे कळतं. आणि सगळ्यांत कडक नियम: जोडीचा रस्ता जोडीतल्यानंच सांगायचा. बाहेरच्यानं तोंड घालायचं नाही. एकदा एका पोराच्या काकांनी कडेवरून “अरे, डावीकडे!” म्हणून ओरडून सांगितलं, वाटाड्या म्हणत होता उजवीकडे, आणि ते पोर मधल्या मधे पडून त्याचं कोपर मोडलं. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी जिभेला गाठ मारून घेतली होती.

रेणूला हे सगळं तुषारनं शिकवलं. आठवड्याभरात दोघं अशी पळायला लागली, की बघणाऱ्यानं बघत राहावं. माझा गुडघा जरा बरा होता. मी मागं दुकानदारांबरोबर दुडक्या चालीनं जायची. पुढं, अंधारात, दोघांच्या हाका ऐकू यायच्या. चर आला. चर आला. दगड, आत ये. दगड, आत ये. दोन आवाज येतायत, एवढंच मी ऐकायची. एका शेटजींनी मला म्हटलं, “बहीण असावी तर अशी.” आणि माझी मान ताठ झाली.

एकच गोष्ट सरांना खटकली. तुषार पाण्याच्या बाजूनं पळायचा.

“बाजू बदल,” सर म्हणाले.

“मला डाव्या हातात दोरी जमत नाही, सर.”

“दोन वर्सं जमली की!”

“आता नाही जमत.”

त्याचा हट्टीपणा सरांना ठाऊक होता. चाचणी तोंडावर आलेली, म्हणून त्यांनी सोडून दिलं. मी मात्र घरी आल्यावर त्याला चांगलं फैलावर घेतलं. पाण्यात पडलास म्हणजे? तो हसला नुसता. “मी नाही पडत,” म्हणाला.

आणि घरात रेणूचं वेगळंच. ही पोरगी पहिल्यापासून धांदरट. संध्याकाळी उंबऱ्याजवळचा तांब्या हमखास लवंडणार. दिवे गेले की जागची हलणार नाही. मागच्या अंगणातून वाळलेले कपडे आण म्हटलं तर दादाला सोबत घेऊन जाणार. मी तिला भित्री भागूबाई म्हणायची. दिवाळीनंतरच्या जत्रेत दोघं हात धरून फिरली, तर बायका म्हणाल्या, कशी सांभाळून नेते बघा भावाला. मीही तेच बघत होते.

तुम्ही म्हणाल, थोरल्याचं सगळं डोळ्यांसमोर होऊन आईला शंका कशी आली नाही? तर त्याचं उत्तर मिरजेला आहे. तुषारचं कळलं, तेव्हा डॉक्टरांनी रेणूलाही तपासलं होतं. ती सात वर्षांची होती. तपासून म्हणाले, “हिच्या डोळ्यांत सध्या काही नाही.” आम्ही दोघं जिना उतरलो, गणपतीला नारळ फोडला आणि घरी आलो. घरी येईपर्यंत त्या वाक्यातलं ‘सध्या’ कुठंतरी सांडलं होतं. रेणूला काही नाही, हे आमच्या घरात सूर्य उगवतो इतकं पक्कं होतं.

चाचणीच्या आधीची शेवटची मोठी दौड होती. थंडी मरणाची होती आणि कालव्यावर धुकं. सरांनी मला स्कूटरवरून पुढच्या वळणापाशी सोडलं, हातात पाण्याची बाटली दिली आणि ते पुढं पुलाकडे गेले. गट मागून यायचा होता. मी कानाला मफलर बांधून उभी राहिले.

तेवढ्यात शेजारच्या उसातून ट्रॅक्टर बाहेर निघाला, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. रस्त्यावर वळताना मागच्या ट्रॉलीची पिन तुटली आणि ती निम्मा रस्ता अडवून जागीच बसली. ड्रायव्हरनं उतरून चाकाखाली दगड लावले, शिव्या घातल्या.

“मावशी, जरा ध्यान ठेवा. फुडं खोपटावर पिन हाय, घिऊन आलोच.”

“अरे, मागं दिवा तरी लाव. आमची पोरं पळत येतील आता.”

“दिवा आनि कुटला? डोळं हाईत की त्यास्नी!”

तो गेला. मी ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला उभी राहिले. उसाची टोकं मागून हातहातभर बाहेर आलेली होती, नेमकी तोंडाच्या उंचीला. पण धुक्यातसुद्धा ट्रॉली मला धड दिसत होती, काळी, घराएवढी. रेणूला लांबूनच दिसेल, असं मनाशी म्हणाले आणि बाटली काखेत धरून हात चोळत राहिले.

मग पावलं ऐकू आली. इतके दिवस मी त्यांच्या मागं असायची; समोरून येताना पहिल्यांदाच ऐकत होते.

“चर,” तुषारचा आवाज.

“चर,” रेणूचा.

मला हसू आलं. आज गंमत चाललीय वाटतं. थोडं जवळ आली.

“दगड संपले. आता सरळ आहे. मळणीची कणसं पसरलेली असतील.”

“सरळ. कणसं.”

हसू माझ्या तोंडावरच राहिलं. आधी तो बोलत होता. प्रत्येक वेळी आधी तोच बोलत होता, आणि ती त्याच्यामागून म्हणत होती.

धुक्यातून दोघं दिसायला लागली. तुषार पाण्याच्या कडेनं, रेणू आतल्या बाजूनं, ट्रॉलीच्या रेषेत. मान वर, डोळे टक्क उघडे. ती सरळ उसाच्या टोकांवर येत होती. वेग तसाच. मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. बाहेरच्यानं बोलायचं नाही, हे दोन वर्षं इतकं अंगात मुरलेलं, की पोटची पोर ट्रॉलीवर येतेय आणि मी घशात हाक धरून उभी. हिला दिसेल. आत्ता दिसेल. आता वळेल.

“ऊस!” तुषार ओरडला. “रेणू, ऊस आहे! माझ्याकडे ये!”

आणि त्यानं दोरी ओढली. जे आमच्यात कुणी करत नाही ते केलं; दोन्ही हातांनी, सगळ्या अंगानिशी ओढली. रेणू त्याच्या अंगावर फेकली गेली. एक टोक तिच्या गालावरून कानापर्यंत ओरबाडत गेलं. दोघं कालव्याच्या दगडी काठावर आदळली. तुषारचा एक पाय पाण्यावर लोंबकळत होता.

मी कशी पोचले, मला सांगता येणार नाही. आधी त्याला काखेत धरून आत घेतलं. मग तिचा गाल बघितला. रक्त येत होतं, पण डोळा वाचला होता. डोळा वाचला, असं मी मोठ्यानं म्हणाले. त्यावर तुषार असं हसला, की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

“तुला उसाचं कसं कळलं?” मी विचारलं.

“वास आला. ताज्या तोडीचा. आणि पावलांचा आवाज समोरून परत आला.”

“आणि हिला? हिला का नाही दिसलं?”

मी रेणूच्या समोर बसले, तिच्या तोंडापुढं हात हलवला. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझा आवाज आला होता तिकडे बघत होती.

“रेणे, हात दिसतोय माझा?”

“उजाडल्यावर दिसतं, आई,” ती म्हणाली. “उजाडलं की सगळं दिसतं गं. शप्पथ. फक्त अंधारात नाही.”

“कधीपासून?”

“गणपतीत आरास बघायला गेलो होतो ना, तेव्हापासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“मी तिला म्हटलं, सांगू नको,” तुषार म्हणाला.

मी त्याच्या फाडकन थोबाडीत मारली. आंधळ्या मुलाला मारली. हात कुठून येतोय हे त्याला कळलं नाही, त्यानं मानही वळवली नाही.

“चाचणीसाठी?” मी ओरडले. “तुझ्या त्या मेल्या चाचणीसाठी बहिणीला अंधारात पळवलीस? पाण्याच्या काठानं?”

“पाण्याच्या बाजूला मी होतो.”

“तेच विचारतेय मी! कशासाठी?”

तो गाल चोळत होता. बोलला तेव्हा आवाज अगदी सरळ होता, गणित समजावून सांगावं तसा.

“आई, माझी रात्र गेली तेव्हा मला कुणीच काही शिकवलं नाही. तुम्ही मला डॉक्टरांकडे नेलं, देवाला नेलं, मग घरात बसवलं. सगळं गेल्यावर मी शिकायला लागलो. मला वाटलं, हिला अजून दिवसा दिसतंय तोवर शिकून होईल. पायाखालचं कसं ऐकायचं, कुठं वास बदलतो, पाणी कुठल्या हाताला आहे. चाचणी असली की रोज पहाटे बाहेर पडता येतं. नाहीतर तू हिला अंधारात सोडली असतीस का?”

“दोन महिन्यांत मला वळणं यायला लागली, आई,” रेणू म्हणाली. तिला वाटलं, ऐकून मला बरं वाटेल.

मी तिथं, उसाच्या पाचोळ्यात, मोठ्यानं रडले. गिरणी चालू नव्हती.

त्याच दुपारी मिरज गाठली. जे तुषारनं ट्रॉलीपाशी सांगितलं, तेच डॉक्टरांनी यंत्रं लावून सांगितलं. या वेळी त्यांनी ‘सध्या’ म्हटलं नाही. पुण्याला तुषार गेला नाही. शिंगटे सर भरतीतला एक चांगला मुलगा दोरीला द्यायला तयार होते, घरी येऊन बसले, माझ्यासमोर पहिल्यांदा डोळे पुसले. तुषार म्हणाला, “सर, पुढच्या वर्षी बघू. रेणूचा पूल शिकायचा राहिलाय अजून.” पुढच्या वर्षी चाचणीचं त्यानं नाव काढलं नाही.

पण या खेपेचा मिरजेचा जिना मला आठवत नाही. आठवतो तो कालव्यावरून परत येतानाचा रस्ता. उजाडायला अजून अवकाश होता. सरांची वाट बघत बसणं माझ्यानं होईना. मी मफलर सोडून रेणूच्या गालाला बांधला आणि उठले. नाडीचं एक टोक तुषारच्या हातात होतं, दुसरं रेणूच्या. कुणी कुणाला न्यायचं हा प्रश्न तिथं संपला होता. मी पुढं झाले. गुडघा ठणकत होता, ठणकू दे म्हटलं.

थोडं गेल्यावर तोच खड्डा आला, जो सांगायचा राहून मी पडले होते. मी थांबले. दोन वर्षं रोज मारलेली हाक, पण तोंडातून निघेना. मागं दोघं थांबून राहिली. त्यांना कळत होतं की माझं काहीतरी सांगायचं राहिलंय.

“खड्डा,” मी म्हणाले. “डावीकडे.”

“खड्डा, डावीकडे,” तुषार म्हणाला.

मी पाऊल उचललं नाही. दुसरा आवाज यायचा होता, आणि तो येऊ नये म्हणून मी देवाचा धावा करत होते.

“खड्डा,” रेणू म्हणाली. “डावीकडे.”